डॉक्टरचं बलुतं

सारंगखेड्यात डॉक्टर आणावा ही कल्पना माझी. हे मी सुरुवातीलाच आणि जरा मोठ्यानं सांगून ठेवतो, कारण गावात विचाराल तर कुणी म्हणेल गिरधर पाटलाची, कुणी म्हणेल दोधूआप्पाची, आणि एखादा तर छातीवर हात ठेवून सांगेल की डॉक्टर घोड्यांचा बाजार पाहायला आला आणि राहिला. कल्पना माझी. मी इथल्या मराठी शाळेचा हेडमास्तर. हाताखाली दुसरा मास्तर नाही, पण तेवढ्यानं हेडमास्तराचा नुसता मास्तर होत नाही.

गेल्या सालच्या आश्विनात आमच्या कुटुंबाला, म्हणजे छबूबाईला, थंडीताप भरला आणि तिला बैलगाडीत घालून शहाद्याला न्यावं लागलं. वाटेत चाक काळ्या मातीत रुतलं. तिच्या अंगावरच्या गोधड्या काढून चाकाखाली घालायची पाळी आली, आणि तापानं फणफणलेली माझी बायको चिखलात उभी राहून मला सांगत होती की गोधडी उलटी घाला, सुलट बाजू नवी आहे. त्याच दिवशी मी ठरवलं, पुढचा ताप यायच्या आत गावात डॉक्टर आणायचा.

सुशिक्षित माणूस आधी अर्ज करतो. मीही केला. बऱ्याच दिवसांनी वरच्या कचेरीतून उलट विचारणा आली की गेल्या साली गावातल्या किती रोग्यांनी डॉक्टरी उपचार घेतले ते कळवावे. मी कळवलं, गावात डॉक्टरच नाही, सबब कुणीही नाही. त्यावर निकाल आला : उपचार घेणारे रोगी नसल्याने दवाखान्याची गरज दिसून येत नाही. तो कागद हातात धरून मी बराच वेळ ओट्यावर बसलो होतो. छबूबाईनं विचारलं काय झालं, तर म्हटलं, "काही नाही, आपलं गाव निरोगी ठरलं."

मग वर्गणीचा विचार निघाला आणि चावडीवर बैठक भरली. सगळ्यांनी थोडं थोडं दिलं की जो आजारी पडेल त्याला औषध मिळेल, हे मी फळ्यावर समजावून सांगावं तसं सांगितलं. दोधूआप्पानं हात वर केला. हा सत्तरीचा म्हातारा अजून दातानं ऊस सोलतो आणि तोही दुसऱ्याच्या शेतातला.

"मास्तर, आजारी कोन पडी?"

"ते आधी सांगता येत नाही, आप्पा. म्हणून तर सगळ्यांनी द्यायचं."

"माले सांगता येस. मी पडस नही. साठ वरीसमा माले शिंक नही ऊनी. आनि हाऊ सुकलाल, त्यानं घर बठ्ठं खोकत ऱ्हास. खोकतीन त्या, आनि पैसा मी देसु?"

सुकलालभाऊ आमचा शेजारी. एका भिंतीआडचा. तो उसळून म्हणाला, "आप्पा, तुम्हना उकिरडानी हवा आम्हना घरमा येस, म्हनीसन खोकतस आम्ही. पैसा तुम्हीच द्या!"

झालं. ज्याच्या घरी पोरं जास्त त्यानं जास्त द्यावं, असं निपुत्रिक म्हणू लागले. पिणाऱ्यांनी दुप्पट द्यावं असं न पिणारे म्हणाले, आणि त्यांतले निम्मे रात्री काय पितात ते साऱ्या गावाला ठाऊक होतं. एकानं सुचवलं की बायकोच्या दुखण्याचा खर्च सासऱ्यानं सोसावा, कारण माल त्याच्या घरचा. यावर बरीच मंडळी गंभीरपणे माना डोलवू लागली. मग एकेकाच्या ध्यानात आलं की आपल्यालाही मुली आहेत, आणि तो ठराव जागच्या जागी बारगळला. मी कपाळाला हात लावला. आजाऱ्याकडे पैसे नाहीत, धडधाकट माणूस द्यायचा नाही, आणि मेलेला तर सुटलाच.

शेवटी गिरधर पाटील बोलला. पाटील बोलतो कमी, पण बोलला की ते गावाचं बोलणं होतं. "न्हावीले तुम्ही दाढीगनिक पैसा देतस का? नही. सालना दाना देतस. ज्याले टक्कल शे, तो बी देस. दोधूआप्पानं डोकं दखा."

सगळ्यांनी दोधूआप्पाच्या डोक्याकडे पाहिलं. तिथं भादरण्यासारखं गेल्या तीस वर्षांत काही उगवलं नव्हतं.

"मंग डॉक्टर बी बलुतदार. बैलजोडीमांगे दाना. खयं उपनं का डॉक्टरनी पाटी."

खळं उपणलं की दर जोडीमागे डॉक्टरला पाटीभर दाणा! माझ्या तोंडून 'वा' निघून गेलं. चांभार, सुतार, न्हावी यांच्या पंक्तीला डॉक्टर! ज्या प्रश्नावर मी रात्ररात्र डोकं खाजवलं तो पाटलानं एका टकलावर सोडवला होता. 'बैलजोडीमागे' या शब्दापाशी कुणीतरी मला थांबवायला हवं होतं, पण मी टाळ्या वाजवत होतो.

डॉक्टर मीच शोधला. दावीद डॉक्टर नवापूरच्या डोंगराकडचे, मिशनच्या दवाखान्यात शिकलेले. तिकडे रोगी त्यांना कोंबड्या देत. कोंबड्यांना ते आणि त्यांची बायको मार्थाबाई इतके कंटाळले होते की बाजरी म्हणताच त्यांचे डोळे चमकले. घरी ते तिकडच्या डोंगरातली कोकणी बोलत आणि माझ्याशी अगदी पुस्तकातली मराठी. मला फार आनंद झाला. मी धानोऱ्याचा, जन्मानं अहिराणीच. पण मास्तरानं तोंड उघडलं की पुस्तक दिसलं पाहिजे असं माझं मत आहे. गावात शुद्ध बोलणारे आता आम्ही दोघे झालो. डॉक्टर ख्रिस्ती म्हणून चार दिवस ओट्याओट्यांवर कुजबुज चालली. ती पहिला रोगी बरा होईपर्यंतच टिकली.

पहिला रोगी म्हणजे सुकलालभाऊचा बैल. जुवानं त्याचा खांदा सुजला होता. डॉक्टर म्हणाले, "मी माणसांचा डॉक्टर आहे."

"दाना कोनामांगे ठरेल शे?" सुकलालभाऊनं विचारलं.

"जोडीमागे."

"मंग तुम्ही जोडीना डॉक्टर. मानसं त्यामांगे ऊनात."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी आभाळाकडे पाहिलं. त्यांनी बैलाच्या खांद्याला आयोडीन लावलं, आणि दैवाची करणी अशी की बैल तीन दिवसांत नांगराला लागला. त्या दिवसापासून डॉक्टरांचा धर्म कुणी काढला नाही. दवाखान्यापुढे मात्र सकाळी इतकी जनावरं उभी राहू लागली की परगावच्या माणसाला वाटावं इथं कोंडवाडा आहे.

दोधूआप्पाची तऱ्हा तर न्यारीच. बाजरीच्या खळ्यावरून एक पाटी डॉक्टरकडे गेल्यापासून त्याच्या जिवाला घोर लागला, की आपण आजारी पडत नाही म्हणजे आपला दाणा फुकट चालला. तो रोज सकाळी वाटी घेऊन दवाखान्याच्या पायरीवर बसायचा.

"काय होतंय, आप्पा?"

"काहीच व्हत नही. लाल औसद दे. काल पिवयं व्हतं, ते गोड नव्हतं. न्हावी बी मन्हा टक्कलले आठवडामा एकडाव हात फिरावस ना?"

तुळशीचं लग्न लागलं आणि गावातल्या लग्नांना सुरुवात झाली. प्रत्येक बलुतेदाराला लग्नात काही ना काही काम असतं, मग डॉक्टरांना काय द्यावं यावर चावडीवर पुन्हा बैठक झाली. ठरलं की डॉक्टरनं पेटी घेऊन नवरदेवामागं उभं राहावं, वरमाईला भोवळ आली तर असावा. आणि त्याबद्दल त्याला मानाचा नारळ आणि फेटा. मला हे अगदीच गावंढळ वाटलं. मी डॉक्टरांना म्हटलं, तुम्ही शिकलेले आहात, नाही म्हणा. पण फेटा बांधून घेताना ते आरशात बघून हसत होते आणि मार्थाबाई मागून शेमला नीट करत होत्या. मिशनच्या दवाखान्यात त्यांना फेटा कुणी बांधला असणार?

गर्दीमुळे डॉक्टरांनी एक रीत पाडून घेतली. नाडी धरण्याआधी ते विचारत, "कोणाच्या जोडीतले?" समोरचा सांगे, अमक्याच्या जोडीतला, मग नाडी. म्हातारीकोतारी, लेकीसुना, सालाने ठेवलेले सालदार, त्यांची बायकापोरं, ज्या घरी बैल त्या घरचं सगळं माणूस त्या जोडीत मोडे. मला ही पद्धत फार शिस्तीची वाटली. मी शाळेत तिचं कौतुकही केलं.

आणि कार्तिक संपता संपता छबूबाईला हुडहुडी भरली.

दात वाजायला लागले. घरातल्या सगळ्या गोधड्या तिच्या अंगावर घातल्या, चाकाखालून आलेलीसुद्धा. मी धोतराचा सोगा सावरत डॉक्टरांकडे धावलो. डॉक्टर पेटी घेऊन उठलेही. पण पायरीवर दोधूआप्पा बसला होता, हातात वाटी.

"मास्तर कोनी जोडीमा शेत?"

सगळे माझ्याकडे बघू लागले. आणि मीही, खरं सांगतो, त्याच क्षणी पहिल्यांदा स्वतःकडे बघितलं. माझ्याकडे शाळा आहे, घंटा आहे, नकाशे आहेत. बैल नाही.

"आप्पा, हा डॉक्टर मी आणला!"

"आनेल शे ना. लगीन लावस तो भट, म्हनीसन काय नवरी त्यानी व्हस?"

डॉक्टर म्हणाले, "मी काही न घेता बघून येतो."

"फुकट?" चारपाच जण एकदम उठले. "मंग आम्ही दाना देवाले येडा शेत का?"

मी म्हटलं, रोख देतो. तर ते त्याहून भयंकर ठरलं. गिरधर पाटलानं शांतपणे समजावलं की डॉक्टर एकदा रोखीला चटावला तर उद्या दाणेवाल्यांना पुसणार नाही, रोखवाल्याच्याच दारात बसेल. वाईट एवढंच की पाटलाचं म्हणणं बरोबर होतं. हेच मी फळ्यावर समजावून सांगितलं असतं. सबब विषय चावडीवर गेला आणि डॉक्टरांनी पंचांचा निकाल होईपर्यंत गरम पाणी द्या असा सल्ला दिला. तो बिनजोडीचा असल्यामुळे त्याला कुणी हरकत घेतली नाही.

चावडीवर मी सांगितलं की धानोऱ्याला माझ्या भावांकडे बैल आहेत आणि त्यांत माझा वाटा आहे.

"मंग धानोराना डॉक्टरकडे जा," दोधूआप्पा म्हणाला.

"धानोऱ्याला डॉक्टर नाही!"

"मंग तठे जाईसन आना. तुम्हले डॉक्टर आनता येस."

तेव्हा सुकलालभाऊ, माझा शेजारी, भला माणूस, उठून माझ्याजवळ आला आणि मायेनं म्हणाला, "मास्तर, तरास कसाले करी ऱ्हायनात? मन्हाकडे सालदार म्हनीसन नाव लाई देऊत. नावले फक्त. सालदारना बठ्ठा घरले औसद लागू शे."

सालदार! सुकलालभाऊचा थोरला पोरगा माझ्या वर्गात बाकावर उभा असतो. त्याच्या गोठ्यातलं शेण काढणारा म्हणून माझं नाव लागणार! मी उपरणं झटकलं, आणि "आम्ही सरकारचं मीठ खातो, सुकलालचं नाही," असं म्हणून चावडी उतरलो. उतरताना पायरी चुकली, पण तोल सावरला.

घरी येऊन मी येरझारा घालत सगळी हकीकत सांगितली. गोधड्यांखालून आवाज आला, "लावू द्या ना नाव. नावनं काय झिजस?"

"तू झोप," मी म्हटलं. "हा तत्त्वाचा प्रश्न आहे."

दत्ताची यात्रा आली. आमच्या गावची यात्रा म्हणजे घोड्यांचा बाजार, पण कोपऱ्यात बैलही असतात. मी एका जोडीचा भाव विचारला आणि पुन्हा कुणालाही न विचारण्याचं ठरवलं. छबूबाईचा ताप मधल्या काळात उतरला होता. मला वाटलं, गरम पाण्याचा गुण. पण आज उतरला तरी उद्या येईल, आणि बायकोसाठी गावाशी लढणाऱ्या माणसाला असं मध्येच थांबता येत नाही. तेवढ्यात जालमसिंग नावाच्या एका सौदागरानं मला हेरलं. त्याच्याकडे एक पांढरी घोडी होती. वयानं पोक्त, डोळे शांत, किंमत माझ्या आवाक्यातली.

"मास्टरजी, घोडी नहीं, गाय है गाय," तो म्हणाला.

मला गाय नको होती, बैल हवा होता. पण ती शेवटी नांगराला जुंपण्याजोगी होती ना? मी घोडी घेऊन चावडीवर गेलो. पंचांनी तिच्याभोवती दोन फेऱ्या मारल्या. गिरधर पाटील म्हणाला, "नांगर वढी तो बैल. वढीसन दाखाडा." जोडीला दुसरा बैल कुठला, तर दोधूआप्पा आपला एक बैल द्यायला तयार झाला. माझी फजिती बघायला तो दोन्ही बैल देता.

तापीकाठच्या दोधूआप्पाच्या वावरात सारा गाव लोटला. यात्रेतले लोकही आले. एका बाजूला बैल, दुसऱ्या बाजूला घोडी, मध्ये जू. बैलानं घोडीकडे पाहिलं, मग दोधूआप्पाकडे पाहिलं. मी नांगराचं रुमणं, म्हणजे मूठ, धरलं, कारण ज्याची जोडी त्यानंच धरायचं असं पंचांनी फर्मावलं. पहिली दहा पावलं घोडी अशी चालली की मी मान वर करून सुकलालभाऊकडे बघितलंसुद्धा.

आणि यात्रेत कुणीतरी ढोल वाजवला.

ती नाचाची घोडी होती. जन्मभर वराती नाचवलेली. ढोल कानी पडताच तिनं मान वाकवली, पुढचे दोन्ही पाय उचलले आणि जू गळ्यात असतानाच ठेका धरला. बैलानं आयुष्यात असली जोडीदारीण पाहिली नव्हती. तो शेपूट वर करून नदीकडे सुटला. घोडी ढोलाच्या बाजूला, बैल तापीच्या बाजूला, आणि नांगर माझ्यासकट ढेकळांतून. लोक टाळ्या वाजवत होते. एकानं तर दौलतजादा म्हणून पैसा फेकला. नंतर मी एका सरीत उताणा पडलो होतो आणि कमरेखालचा भाग माझा आहे की नाही याची खात्री होत नव्हती.

डॉक्टर फेटा सावरत धावत आले. घोडीच्या पायाला खरचटलं होतं. "कोणाच्या जोडीतली?"

"मन्हा बैलसंगे व्हती," दोधूआप्पा धापा टाकत म्हणाला. "मंग मन्हीच जोडी. लावा तिले औसद."

घोडीला औषध लागलं, पट्टीही बांधली. मग डॉक्टर माझ्याकडे वळले, तोंड उघडलं, पण विचारलं नाही. बिचारे फार ओशाळले. मला खाटेवर घालून घरी आणलं.

आणि दारात छबूबाई उभी. तव्यावर भाकरी टाकून तशीच पिठाच्या हातांनी बाहेर आलेली. गालावर रंग, पायांत जोर. पंधरवड्यापूर्वी हिचेच दात वाजत होते यावर कुणाचा विश्वास बसला नसता. तिला तशी उभी पाहून मला फार बरं वाटलं, अगदी डोळ्यांत पाणी आलं. कमरेचं किती आणि तिचं किती, ते मात्र सांगता येणार नाही.

"गरम पाण्यानं चांगलाच गुण आला तुला," मी कण्हत म्हटलं.

"गरम पानी?" ती म्हणाली. "मी डॉक्टरनं औसद पिधं. ती चावडीनी बैठक व्हयनी, त्याना दुसराच दिवस गजराबाईना घर गऊ आनि सांगं, नाव मन्हं लावा. सालदारीन."

गजराबाई, सुकलालभाऊची बायको, मागे उभी होती. ती पदर तोंडाला लावून जमिनीकडे बघू लागली.

"सालदारीण! तू काय काम करतेस त्यांच्याकडे?"

"दुपारले गजराबाईनी डाय निवडस. पहिले बी निवडत व्हतू. आते सालदारीन म्हनीसन निवडस."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"तुम्ही म्हनात, झोप. मी औसद पीसन झोपनू. आते तुम्ही घोडी लई येशात, हाई माले काय माहीत?"

मी काहीतरी तिखट बोलण्यासाठी खाटेवर उठायला गेलो आणि कमरेतून अशी कळ आली की तत्त्व, सरकार, मीठ, सगळं एका किंकाळीत निघून गेलं. ती ऐकून डॉक्टर पेटी घेऊन उंबऱ्याशी आले. मागे पंच. पंचांमागे दोधूआप्पा वाटीसकट. घोडीही कुणीतरी आणून ओट्याला बांधली. ती शांतपणे ओट्याला लागून असलेल्या माझ्या शाळेचं गवताचं छप्पर खात होती.

डॉक्टर खाली मान घालून म्हणाले, "मास्तर, काय करू, रीत शे. कोनी जोडीमा?"

गावातला दुसरा शुद्ध बोलणाराही गेला होता. सुकलालभाऊनं माझी लाज राखायची म्हणून तोंड फिरवलं. त्यानं माझ्यावतीनं सांगितलं असतं, पण दोधूआप्पानं त्याचा दंड धरला होता. "ज्यानं त्यानं सांगनं पडी." मी छबूबाईकडे पाहिलं. ती चुलीपाशी जाऊन बसली होती, पाठमोरी, आणि भाकरी उलटवत होती.

"आहो, सांगा ना," ती वळून न बघता म्हणाली. "भाकर गार व्हई ऱ्हायनी."

मी डोळे मिटले. कमरेत पुन्हा कळ आली.

"सुकलालभाऊनी सालदारीनना नवरा शे मी," मी म्हटलं. "आते दखा बरं लवकर."